बिघाडाचे मूळ शोधणारा मिस्त्री : सर हेन्री रॉइस

१९०७ साली इंग्लंडमध्ये एका मोटारगाडीच्या दुरुस्तीचा खर्च मांडण्यात आला. रक्कम होती २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स. ही गाडी लंडन ते ग्लासगो या मार्गावर रात्रंदिवस येरझाऱ्या घालत सुमारे १५,००० मैल धावली होती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे निरीक्षक सोबत होते. धाव संपल्यावर त्यांच्या देखरेखीखाली गाडीचा भाग न् भाग सुटा केला गेला, झीज मोजली गेली, आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांची किंमत जोडली गेली. ती एवढीच भरली. संपूर्ण प्रवासात गाडी मनाविरुद्ध थांबली ती एकदाच, ६२९ मैलांवर. कारण इंजिनात नव्हते. पेट्रोलची तोटी हादऱ्यांनी आपोआप बंद झाली होती.

त्या काळात मोटार बाळगणे म्हणजे मोटारीबरोबर एक मिस्त्री बाळगणे होते. शंभर मैलांच्या प्रवासात टायर फुटणे, ठिणगी न पडणे, पाणी उकळणे, साखळी तुटणे हे प्रवासाचाच भाग मानले जाई. अशा दिवसांत २ पौंडांचा तो हिशेब म्हणजे मोटारीविषयीची समजूतच बदलणारा कागद होता. तो ज्या माणसामुळे शक्य झाला, त्या हेन्री रॉइस यांना पुढे सरदारकीचा किताब मिळाला, तरी ते अखेरपर्यंत स्वतःची ओळख मेकॅनिक अशीच करून देत. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर मिस्त्री. हा विनय नव्हता. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर ते अचूक वर्णन होते, असेच म्हणावे लागते. रॉइस यांनी मोटारीचा शोध लावला नाही, तिच्यात एखादे क्रांतिकारक नवे तत्त्वही आणले नाही. दुसऱ्याने केलेले यंत्र उघडायचे, ते कुठे दमते हे पाहायचे आणि तो भाग असा घडवायचा की तिथे ते पुन्हा दमू नये, हे त्यांचे काम.

फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी पीटरबरो शहराजवळच्या अलवॉल्टन या खेड्यात झाला. पाच भावंडांतला हेन्री सर्वांत धाकटा. वडील जेम्स रॉइस नीन नदीकाठची पिठाची गिरणी भाड्याने चालवीत. धंदा बुडाला, वडील कामाच्या शोधात लंडनला गेले आणि १८७२ साली तिथल्या एका अनाथ-निराधारांच्या आश्रयगृहात वारले. हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा पोहोचवल्या. शाळेचे तोंड त्याने सगळे मिळून जेमतेम वर्षभर पाहिले असेल.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे नशीब थोडे उघडले. एका मावशीने वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लावून दिले. वाफेची इंजिने, त्यांचे दट्टे, झडपा, ओतकाम हे सारे तिथे डोळ्यांसमोर होते. ज्यांच्या घरी तो राहत होता त्या गृहस्थांच्या बागेतल्या खोपटात एक लेथ होता. संध्याकाळी तिथे तो कानस चालवायला आणि जोडकाम करायला शिकला. कानस सरळ चालवणे ही गोष्ट वाचायला क्षुल्लक वाटते. ज्याने कधी फिटरचे काम जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की हात जरा डुलला की पृष्ठभाग मधून फुगीर होतो, आणि तो सपाट करायला शिकण्यात महिने जातात. रॉइस यांचा हात त्या खोपटात तयार झाला. वय वाढले, मान वाढला, तरी कारखान्यात कोणी कानस चुकीची धरलेली दिसली की ते स्वतः पुढे होऊन दाखवीत.

तीन वर्षांतच मावशीजवळचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. हेन्री लीड्सला गेला, हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात आठवड्याला ५४ तास राबून ११ शिलिंग कमवू लागला. त्यानंतर तो लंडनला परतला आणि विजेच्या दिव्यांच्या नव्या धंद्यात शिरला. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी विजेच्या शास्त्राचे वर्ग. १८८२ मध्ये कंपनीने त्याला लिव्हरपूलला पाठवले. तिथले रस्ते आणि नाट्यगृहे विजेने उजळण्याच्या कामाची तांत्रिक जबाबदारी विशीतल्या या तरुणावर होती. दोन वर्षांत ती कंपनीही बुडाली. वडिलांची गिरणी, मावशीची मदत आणि आता नोकरी. एकविसाव्या वर्षापर्यंत तीनदा पायाखालची जमीन सरकली होती. पुढे या माणसाला कोणताही जोड ढिला सहन होत नसे, त्याचे मूळ या वर्षांत शोधावे असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. रॉइस स्वतः बालपणाविषयी फारसे बोलत नसत.

१८८४ साली २० पौंडांची स्वतःची बचत आणि अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राचे ५० पौंड एवढ्या भांडवलावर मँचेस्टरच्या ह्यूम भागात, कुक स्ट्रीटवर, त्यांनी एक लहानशी कार्यशाळा काढली. आधी विजेच्या घंटा आणि दिव्यांचे होल्डर, मग डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या याऱ्या. दोघे भागीदार कार्यशाळेच्याच वरच्या खोलीत राहत आणि तिथल्याच भट्टीवर अन्न गरम करीत. रॉइस यांच्या डायनॅमोची कीर्ती एका गोष्टीसाठी होती : त्यांच्या कम्युटेटरवर ठिणग्या उडत नसत. जिथे कापसाचे तंतू किंवा पिठाची धूळ हवेत तरंगते अशा गिरण्यांत एक ठिणगीही आग लावू शकते, म्हणून या डायनॅमोंना मागणी होती. विजेची ठिणगी कुठे हवी आणि कुठे नको, याची ही जाण पुढे मोटारीत कामाला आली.

रॉइस आणि क्लेअरमाँट यांनी दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केला. धंदा वाढला, ट्रॅफर्ड पार्कमध्ये मोठा कारखाना उभा राहिला. पण विसावे शतक उजाडताना जर्मन आणि अमेरिकी कंपन्यांच्या स्वस्त याऱ्या बाजारात आल्या. सहकाऱ्यांनी माल थोडा हलका करून किंमत उतरवावी असे सुचवले. रॉइस यांना ते पटले नाही. त्यांची प्रकृती मात्र ढासळू लागली. जेवणाची शुद्ध त्यांना नसे; कारखान्यातल्या पोराला दुधाचा पेला देऊन त्यांच्या मागे पाठवावे लागे आणि ते पिईपर्यंत त्याने हलायचे नाही असा दंडक होता. नट्सफर्डच्या घरी रात्री उशिरा परतल्यावर त्यांना बागकाम करायचे असे, म्हणून त्यांनी बागेतही विजेचे दिवे बसवले होते. अखेर १९०२ मध्ये डॉक्टरांनी आणि घरच्यांनी आग्रह करून त्यांना दहा आठवड्यांच्या सुटीवर दक्षिण आफ्रिकेला पाठवले. बोटीवर त्यांनी वाचायला घेतले ते मोटारींच्या रचनेवरचे पुस्तक.

परत आल्यावर त्यांनी एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतली. दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची देकोव्हिल. इथे एक दंतकथा जन्माला आली आहे, आणि ती आजही उत्साहाने सांगितली जाते : गाडी इतकी भिकार होती की रॉइस संतापले आणि त्यांनी स्वतःची गाडी बांधली. मला ही कथा पटत नाही. देकोव्हिल ही त्या काळातल्या चांगल्या गाड्यांपैकी एक होती. मोडक्या यंत्रातून शिकण्यासारखे थोडेच असते. चांगल्या यंत्रातले उणे शोधायला मात्र नजर लागते. रॉइस यांनी मुद्दाम चांगली गाडी निवडली आणि मग ती पूर्ण उघडली, असे मानणे त्यांच्या स्वभावाला अधिक धरून आहे.

ती उघडून त्यांनी काय पाहिले असेल, याची कल्पना त्यांनी नंतर बांधलेल्या गाडीवरून येते. जुन्या इंजिनांचे बहुतेक दुखणे चार ठिकाणी असते. पहिले म्हणजे ठिणगी. त्या काळच्या इग्निशनमधली थरथरणारी कॉइल आणि तिचे संपर्कबिंदू जळत, त्यांच्यावर खड्डे पडत, आणि ठिणगी कधी वेळेवर पडे, कधी नाही. वीस वर्षे विजेची कामे केलेल्या माणसासाठी हा प्रश्न घरचाच होता. त्यांनी कॉइल आणि विजेचे वाटप करणारा भाग नव्याने घडवला. दुसरे, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण. इंजिनाचा वेग बदलला की साध्या कार्ब्युरेटरमधले प्रमाण बिघडे आणि इंजिन गुदमरे किंवा उपाशी राही. रॉइस यांचा कार्ब्युरेटर वेगानुसार हवा आपोआप कमी-जास्त करी. तिसरे, उष्णता : पाण्याचे मार्ग अरुंद आणि रेडिएटर अपुरा. आणि चौथे, आवाज. आवाजाचे महत्त्व त्यांनी फार लवकर ओळखले. यंत्रातला आवाज ही केवळ कानाची गैरसोय नाही. दोन भाग एकमेकांवर आपटत असल्याची ती साक्ष आहे. गिअरचे दाते नीट बसले नसतील, झडप उचलणाऱ्या दांड्यात फट असेल, बेअरिंग सैल असेल तर ते आधी ऐकू येते, मोडते ते नंतर. पुढे त्यांच्या गाड्या शांततेसाठी प्रसिद्ध झाल्या आणि धनिकांनी ती शांतता ऐषारामाची खूण मानली. ती मुळात चांगल्या जोडकामाची खूण होती.

एरिक प्लॅटफर्ड आणि टॉम हॅल्डनबी या दोन तरुण उमेदवारांना हाताशी घेऊन रॉइस यांनी कुक स्ट्रीटच्या एका कोपऱ्यात काम सुरू केले. १६ सप्टेंबर १९०३ रोजी पहिले इंजिन चालले आणि १ एप्रिल १९०४ रोजी पहिली रॉइस गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून नट्सफर्डपर्यंतचे सुमारे १५ मैल अंतर कापून गेली. अशा तीनच गाड्या बांधल्या गेल्या. त्यांतली एक हेन्री एडमंड्स या संचालकांकडे गेली, आणि त्यांनीच ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात रॉइस यांची भेट चार्ल्स रोल्स यांच्याशी घडवून आणली.

रोल्स हे एका लॉर्डचे चिरंजीव, केंब्रिजचे यंत्रशास्त्राचे पदवीधर, शर्यतींचे आणि बलूनचे शौकीन, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारे. दोन सिलिंडरची गाडी म्हणजे खडखडाट, असे त्यांचे ठाम मत होते. रॉइस यांच्या गाडीत बसल्यावर ते मत गेले. वर्षअखेर करार झाला : रॉइस बनवतील तेवढ्या गाड्या रोल्स विकतील आणि त्यांना दोघांचे नाव असेल. १९०६ मध्ये कंपनी रीतसर स्थापन झाली. या भागीदारीवर इतके लिहिले गेले आहे की इथे अधिक सांगण्याची गरज नाही. एवढेच नोंदवावे की क्लॉड जॉन्सन हे तिसरे नाव लोक विसरतात. कंपनी चालवली ती मुख्यतः जॉन्सन यांनी, आणि पुढे रॉइस यांना जगवलेही त्यांनीच.

सहा सिलिंडरच्या इंजिनाने रॉइस यांची खरी परीक्षा घेतली. ३० अश्वशक्तीच्या त्यांच्या पहिल्या सहा सिलिंडरी गाडीत क्रँकशाफ्ट मोडू लागले. पोलाद चांगले, माप बरोबर, तरी मोडत. कारण असे की लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. एका ठरावीक वेगाला हे पिळणे आणि धक्क्यांची लय जुळली की झोपाळ्याला वेळेवर धक्के दिल्यासारखे ते वाढत जाते आणि शेवटी धातू थकतो. रॉइस यांनी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला घर्षणावर फिरणारे एक छोटे चाक बसवून ही लय मोडली. मग ४०/५० अश्वशक्तीची नवी गाडी आखताना क्रँकशाफ्टच जाडजूड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि दाबाने तेल पोहोचवण्याची व्यवस्था केली. ७,०३६ घनसेंटिमीटरचे हे इंजिन १९०६ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात लोकांसमोर आले. या मालिकेतल्या बाराव्या चेसिसला चंदेरी रंग दिला गेला, जॉन्सन यांनी तिचे नाव सिल्व्हर घोस्ट ठेवले. आरंभी सांगितलेला २ पौंडांचा हिशेब याच गाडीचा. पुढे ती एका खाजगी मालकाकडे चाळीस वर्षे रोजच्या वापरात होती आणि १९४८ मध्ये कंपनीकडे परतली तेव्हा काही लाख मैल चाललेली होती.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट. १९०८ साली याच जातीची एक गाडी बोटीने मुंबईला आली. मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी तेव्हा घेतली गेली. घाटांची चढण, पावसाने उखडलेले कच्चे रस्ते, धूळ आणि ऊन यांत इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवरची कीर्ती टिकते का, हा प्रश्न होता. पर्ल ऑफ द ईस्ट असे नाव दिलेल्या या गाडीने ती चाचणी जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिक आणि रोल्स-रॉइस यांच्या किश्शांचे आपल्याकडे उदंड पीक आहे; त्यांतले बरेच मीठ-मसाला लावलेले. पण त्या नात्याची एक सुरुवात सह्याद्रीच्या घाटात झाली, ही नोंद त्या किश्शांपेक्षा मोलाची आहे.

त्याच १९०८ साली डर्बी येथे नवा कारखाना सुरू झाला. मिडलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या अनेकांच्या ओळखीचे ते शहर तेव्हापासून या नावाशी बांधले गेले. कारखान्याने मालकांच्या शोफरांसाठी शिक्षणवर्ग चालवला; गाडी हाकणे कमी आणि तेल कुठे, कधी, किती घालायचे हे जास्त. निरीक्षक मालकांच्या घरी जाऊन गाड्या तपासत. गाडी विकली म्हणजे संबंध संपला, असे रॉइस मानत नसत. मोडलेला भाग परत आला की तो त्यांच्या टेबलावर जाई, आणि तो का मोडला हे कळल्याशिवाय नवा भाग पाठवून प्रकरण मिटत नसे.

या गाड्या आज, शंभर वर्षांनंतरही, रस्त्यावर का आहेत, याचे उत्तर जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या कार्यशाळेत मिळते. घोस्टच्या चौकटीचे अनेक जोड रिव्हेटने ठोकलेले नाहीत. निमुळते बोल्ट हाताने घासलेल्या छिद्रांत नेमके बसवलेले आहेत. रिव्हेट ढिला झाला की कापून काढावा लागतो; निमुळता बोल्ट पुन्हा आवळता येतो, काढून परत बसवता येतो. बेअरिंगांत मऊ पांढरा धातू ओतलेला असतो. तो झिजला तर जुना वितळवून नवा ओतायचा आणि शाफ्टवर निळा रंग लावून, फिरवून, जिथे रंग उमटेल तिथे तासणीने तासत पूर्ण टेकेपर्यंत बसवायचा. हे काम यंत्राने होत नाही, घाईनेही होत नाही. सिलिंडरचे डोके वेगळे निघत नाही, तो एकसंध ओतीव ठोकळा आहे. त्यामुळे झडपांपर्यंत वरची आटे असलेली टोपणे काढून पोहोचावे लागते, आणि पाण्याच्या पोकळीत गंज साचून भिंत पातळ झाली तर ती दुरुस्ती सर्वांत कठीण. नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या गावी जुन्या रोल्स-रॉइसप्रेमींच्या संस्थेचे केंद्र आहे. तिथे एकेका चेसिसची मूळ नोंदपत्रे जपून ठेवली आहेत आणि गाड्या सांभाळण्याचे वर्गही चालतात. दुरुस्ती करणाऱ्याला धातूइतकाच कागद उपयोगी पडतो.

अर्थात, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घोस्टच्या नुसत्या चेसिसची किंमत त्या काळी सुमारे १,००० पौंड होती. वर बांधणी वेगळी. त्याच १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात आली, जिचे भाग एकमेकांच्या जागी सहज बसत आणि जी शेतकरी पाना-हातोड्याने कोठारात दुरुस्त करू शकत असे. रॉइस यांचे जोडकाम त्यांच्या तोडीच्याच कारागिराला उघडता येई. गिरणीवाल्याच्या या मुलाने जन्मभर अशी यंत्रे बनवली, जी त्याच्या वडिलांसारख्या माणसाला स्वप्नातही परवडली नसती. दोघांपैकी कोणाची वाट अधिक हिताची, याचे उत्तर मी फोर्ड यांच्या बाजूने देईन. कोणाचे यंत्र उघडून पाहायला आवडेल, याचे मात्र नाही.

१२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स यांचा अंत झाला. ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी रॉइस कोसळले. आतड्याच्या गंभीर विकाराने ते आजारी पडले, शस्त्रक्रिया झाली आणि ते फार दिवस जगणार नाहीत असे मानले गेले. यंत्राची झीज इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या शरीराची झीज कधी मोजलीच नव्हती. जॉन्सन यांनी सारी कामे बाजूला ठेवून त्यांना इजिप्तला आणि मग दक्षिण फ्रान्सला नेले. तिथे ल कानादेल या गावी समुद्राकडे पाहणारे घर त्यांच्यासाठी बांधले गेले. पत्नीपासून ते याच सुमारास वेगळे झाले. एथेल ऑबिन या परिचारिकेने पुढची एकवीस वर्षे त्यांची शुश्रूषा केली. आजारपणाच्या हिशेबात हा संसारही मोडीत निघाला, हे चरित्रकार दोन ओळींत उरकतात. पण दुधाचा पेला घेऊन मागे धावणाऱ्या पोराची गोष्ट हसत सांगणाऱ्यांनी त्या घरातल्या रिकाम्या संध्याकाळींचीही कल्पना करावी.

त्यानंतर रॉइस डर्बीच्या कारखान्यात जवळजवळ गेलेच नाहीत. हिवाळा फ्रान्समध्ये, उन्हाळा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, १९१७ पासून ससेक्समधल्या वेस्ट विटरिंग गावी. सोबत आरेखकांची लहानशी तुकडी असे. रेखाटने डर्बीला जात, तिथून तयार भाग, चाचणीचे अहवाल आणि तक्रारी येत. प्रत्येक नव्या रचनेवर त्यांची संमती लागे. कारखान्यात आले तर दिसेल ते बदलायला लावतील आणि उत्पादन थांबेल, म्हणून त्यांना दूर ठेवणेच बरे, असे जॉन्सन यांचे व्यवहारी मत होते. रॉइस रागीट होते, तोंडाने फटकळ होते, आणि पुरे झाले हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता.

या दूरस्थ कारभाराचा एक नमुना आल्प्समधला आहे. १९१२ च्या आल्पाइन चाचणीत एका खाजगी मालकाची घोस्ट ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग खिंडीच्या चढावर अडकली. तीनच गिअर, आणि पहिला गिअर त्या चढाला पुरेसा खालचा नव्हता. चढ वाईट, चालक वाईट, अशी सबब देता आली असती. रॉइस यांनी गाडीला चार गिअर दिले, इंजिनाची शक्ती आणि पाणी थंड ठेवण्याची सोय वाढवली. १९१३ च्या चाचणीत त्याच डोंगरांवर या गाड्यांनी बाकीच्यांना मागे टाकले.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने विमानांची इंजिने मागितली. रॉइस यांनी विमानाचे इंजिन कधी बनवले नव्हते. त्याच वर्षीच्या ग्रां प्री शर्यतीतल्या संघाची एक मर्सिडीज गाडी लंडनमध्ये अडकून पडली होती. ती डर्बीला नेऊन तिचे इंजिन उघडले गेले. देकोव्हिलनंतर दहा वर्षांनी पुन्हा तीच रीत. त्यातून आणि त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून बारा सिलिंडरचे ईगल इंजिन १९१५ मध्ये उभे राहिले. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो अशा दोन इंजिनांवर. तिकडे अरबस्तानच्या वाळवंटात घोस्टच्या चेसिसवर बांधलेल्या चिलखती मोटारी टी. ई. लॉरेन्स यांच्या मोहिमांत धावत होत्या आणि त्यांच्या टिकाऊपणाची त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली.

शेवटचे मोठे काम होते श्नायडर चषकाच्या विमानशर्यतीचे. १९२८ च्या शरदात वेस्ट विटरिंगच्या किनाऱ्यावर सहकाऱ्यांबरोबर फिरताना रॉइस यांनी काठीने वाळूत नव्या इंजिनाची आकृती काढली, असे सांगतात. ते आर इंजिन ज्या पद्धतीने घडले ती त्यांच्या आयुष्याचीच पद्धत होती : पूर्ण शक्तीने चालवा, मोडेपर्यंत चालवा, जे मोडले ते बळकट करा, पुन्हा चालवा. डर्बीचे रहिवासी महिनोन् महिने तो गडगडाट ऐकत होते. १९२९ आणि १९३१ मध्ये ब्रिटनने शर्यत जिंकली, चषक कायमचा आला, आणि त्याच सप्टेंबरात या इंजिनावर विमानाने ताशी ४०० मैलांची मर्यादा ओलांडली. १९३० मध्ये रॉइस यांना बॅरोनेट हा किताब मिळाला होता. या अनुभवातून आखलेले नवे बारा सिलिंडरचे इंजिन, ज्याला पुढे मर्लिन हे नाव मिळाले आणि ज्याने स्पिटफायर व हरिकेन विमाने उडवली, ते पहिल्यांदा ऑक्टोबर १९३३ मध्ये चालले. रॉइस तोवर राहिले नव्हते.

वेस्ट विटरिंगला त्यांच्या अखेरच्या वर्षांत गुलाब होते, फळझाडे होती, शेती होती. झाडांची छाटणीही ते मोजूनमापून करीत. २२ एप्रिल १९३३ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. कंपनीच्या चिन्हातली दोन अक्षरे लालची काळी झाली ती त्यांच्या दुखवट्यासाठी, असे आजही अनेक ठिकाणी छापले जाते. तो बदल त्यांच्या हयातीतच ठरलेला होता, काळा रंग गाड्यांच्या इतर रंगांना अधिक साजतो म्हणून. त्यांच्या अस्थी पुढे अलवॉल्टनच्या चर्चमध्ये, ज्या गावातून त्यांचे वडील कफल्लक होऊन निघाले होते तिथे, ठेवण्यात आल्या.

मृत्यूच्या आदल्या दिवशी ते अंथरुणात उठून बसले होते आणि एका पाकिटाच्या पाठीवर रेखाटन करीत होते. गाडीच्या वेगानुसार आणि रस्त्यानुसार कमी-जास्त कडक करता येईल अशा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे ते चित्र होते. ते कारखान्यातल्या पोरांपर्यंत नीट पोहोचेल हे पाहा, असे त्यांनी एथेल ऑबिन यांना सांगितले. पाकीट डर्बीला पोहोचले तेव्हा ते गेल्याची बातमी तिथे आधीच आली होती.